ब्लॅक बुक, हजेरी आणि खरी आकडेवारी : वाणिज्य-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचे नियम आणि आचरण

वाणिज्य_अध्यापक (धागाकर्ता)

बीएमएस (व्यवस्थापनशास्त्राची पदवी) आणि एमकॉमच्या प्रकल्पांच्या मौखिक परीक्षांसाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून मी मुंबई, ठाणे आणि रायगडमधील महाविद्यालयांत जातो. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक महाविद्यालय विद्यार्थ्याच्या हाती माहितीपुस्तिका देते. तिच्यात ७५ टक्के हजेरी, ओळखपत्र, भ्रमणध्वनीचा वापर, परीक्षेतील कॉपी आणि रॅगिंगबंदी यांविषयीचे नियम तपशीलवार छापलेले असतात. हे नियम आवश्यकच आहेत. परंतु जो विद्यार्थी उद्या हिशेब लिहिणार आहे, बाजाराचा अंदाज देणार आहे किंवा दुसऱ्याचे पैसे सांभाळणार आहे, त्याच्याकडून सर्वप्रथम कशाची अपेक्षा आहे, हे त्या पुस्तिकेत मला क्वचितच आढळले आहे. आपण गोळा केलेली आणि आपल्या सहीने सादर केलेली माहिती खरी असली पाहिजे, ही ती अपेक्षा. या धाग्याचा विषय तोच आहे.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालाला सर्रास ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, कारण तो काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, वर सोनेरी अक्षरे छापून सादर करण्याची पद्धत आहे. विषयाची ओळख, पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा, संशोधनपद्धती, प्रश्नावलीतून मिळालेल्या माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष आणि सूचना अशी त्याची रचना ठरलेली असते. पहिली दोन प्रकरणे इकडून तिकडून उचललेली असली, तर ते बहुधा लगेच ओळखू येते. अधिक गंभीर प्रकार चौथ्या प्रकरणात घडतो, कारण तेथे विद्यार्थी कोणाचेही वाक्य चोरत नाही, तर घडलेच नाही असे सर्वेक्षण लिहून काढतो. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीही आढळत नाही, कारण असा मजकूर संपूर्णपणे ‘मौलिक’ असतो.

रचलेली आकडेवारी ओळखण्यासाठी फारशी विद्वत्ता लागत नाही. उत्तरदाते ५० असतील, तर प्रत्येक जण बरोबर २ टक्के होतो आणि कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ३७ टक्के येऊच शकत नाही. तरीही असे ३७ आणि ४३ टक्के आलेखांत दिमाखाने उभे असतात. गुगल फॉर्मवरची उत्तरे मागितली, तर ती रात्री एका बैठकीत, मिनिटा-दीड मिनिटाच्या अंतराने भरलेली दिसतात. खऱ्या सर्वेक्षणात कोणी वय लिहिण्याचे टाळतो, कोणी परस्परविरोधी उत्तरे देतो, कोणी अर्ध्यावर सोडून देतो. रचलेल्या सर्वेक्षणात मात्र एकही रकाना रिकामा नसतो आणि सगळी उत्तरे गृहीतकाच्या बाजूने झुकलेली असतात. ‘तुम्हाला सर्वांत अनपेक्षित उत्तर कोणते मिळाले आणि ते कोणी दिले?’ एवढा एक प्रश्न मी विचारतो. ज्याने खरोखर दहा दुकानदारांशी बोलून माहिती घेतलेली असते, तो या प्रश्नावर इतके बोलतो की, त्याला थांबवावे लागते.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला करायचा, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांना मी सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणाची आठवण करून देतो. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्यासाठी खोटी बीजके आणि खोटी बँक-विवरणे तयार झाली होती. राजू यांनी अमेरिकेतील ओहायो विद्यापीठातून एमबीए केलेले होते. त्याआधी, १९९२ च्या रोखे गैरव्यवहारात, आपल्याच साताऱ्याच्या मातीतली बँक ऑफ कराड बुडाली, कारण ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा बँक पावत्या तिने दिल्या होत्या. या प्रकरणांमध्ये कागद नीटनेटका होता, स्वाक्षऱ्या होत्या, स्तंभांची बेरीज जुळत होती आणि त्यामागे वस्तू मात्र नव्हती. ज्याने पदवीच्या शेवटच्या वर्षी असा कागद तयार केला आणि त्यावर ‘उत्कृष्ट’ असा शेरा मिळवला, त्याला आपण नेमके काय शिकवून बाहेर पाठवतो, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि उद्योगातील मंडळी या सर्वांनी आपापल्या अनुभवाने लिहावे. महाविद्यालयांनी आचारविषयक धोरणात कोणत्या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात आणि कोणत्या अटी काढून टाकाव्यात, यावर मला विशेष वाचायला आवडेल.

तृतीय_वर्ष_ठाणे

सर, आपण लिहिलेले खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी मांडणे मला आवश्यक वाटते.

आम्हाला किमान १०० उत्तरदाते हवेत, अशी अट घालण्यात आली आहे. विषय मंजूर होईपर्यंत अर्धे सत्र जाते, मग अंतर्गत परीक्षा येतात आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणासाठी जेमतेम तीन आठवडे उरतात. मी स्थानिक किराणा दुकानदारांच्या डिजिटल व्यवहारांवर काम करत आहे आणि बरीच पायपीट केल्यानंतर माझ्याकडे ४३ उत्तरे जमली आहेत. उरलेली ५७ ‘तूच भरून टाक’, असा सल्ला मला वर्गमित्रांनीच नव्हे, तर आमच्या आधीच्या तुकडीतील चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांनीही दिला. आमच्या मार्गदर्शक शिक्षकांकडे इतके प्रकल्प आहेत की, प्रत्येकाची कच्ची माहिती पाहणे त्यांना शक्य होत नाही. ते प्रकरणांची संख्या, पृष्ठसंख्या आणि बांधणी पाहतात. अशा वेळी जो खरे काम करतो त्याचा अहवाल बारीक दिसतो आणि जो रचून लिहितो त्याचा भरघोस दिसतो.

दुसरी अडचण अशी की, एका दुकानदारांच्या संघटनेने मला माहिती दिली, पण आपले नाव कोठेही छापू नये असे सांगितले. नाव न देता ती माहिती वापरली, तर परीक्षक ती रचलेली मानतील, अशी मला भीती वाटते. अशा परिस्थितीत योग्य मार्ग कोणता, हे कृपया सांगावे.

ग्रंथपाल_सदाशिव_पेठ

वाङ्मयचौर्याच्या नियमांविषयी एक मोठा गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे, तो दूर व्हावा म्हणून लिहिते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंध यांविषयीचे विनियम लागू केले. त्यांत साम्याचे स्तर ठरवून दिलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित लेखन सादर करायचे असते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षापर्यंत सुधारित लेखन सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत आणि संदर्भ देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि सर्वसामान्य संज्ञा या तपासणीतून वगळायच्या असतात. योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्यही धरले जात नाही.

हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधन पदवीसाठी सादर होणाऱ्या प्रबंध-लघुप्रबंधांना तसेच प्रकाशित लेखनाला लागू आहेत. वर्गपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे बीएमएसच्या ब्लॅक बुकला ‘आयोगाच्या नियमानुसार १० टक्के’ ही मर्यादा आपोआप लागू होत नाही. महाविद्यालयाला ती लावायची असेल, तर स्वतःचा नियम करून, वर्षाच्या सुरुवातीला तो जाहीर करून लावावी लागेल. बहुतेक ठिकाणी तसे न करता शेवटच्या आठवड्यात फलकावर सूचना लावली जाते, आणि मग मुले माझ्याकडे येऊन ‘टक्के कमी कसे करायचे’ असे विचारतात. शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून टक्के कमी करण्याची जी युक्ती ती वापरतात, तिने अहवालात कोणतीही सचोटी येत नाही, केवळ मराठी आणि इंग्रजी दोन्ही बिघडते.

संदर्भ कसा द्यावा हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच एका तासाभरात शिकवता येते. आमच्या ग्रंथालयात आम्ही तसा तास घेतो, आणि तो घेतल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रश्न बदलले आहेत.

आर्टिकल_ट्रेनी_नाशिक

हजेरीचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. बीकॉम करत असताना सनदी लेखापालाची आर्टिकलशिप (फर्ममधील सक्तीचे प्रशिक्षण) करणारे माझ्यासारखे हजारो विद्यार्थी महाराष्ट्रात आहेत. सनदी लेखापालांच्या संस्थेने (आयसीएआय) जुलै २०२३ पासून आर्टिकलशिपचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला असला, तरी दिवसभर कार्यालयात बसावे लागते हे बदललेले नाही. सोबत दुसरा अभ्यासक्रम करायचा असल्यास फॉर्म ११२ भरून संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि त्यात महाविद्यालयाच्या वेळा नमूद कराव्या लागतात. सकाळच्या सत्राची वाणिज्य महाविद्यालये आम्हाला त्यामुळेच सोयीची पडतात. परंतु लेखापरीक्षणाच्या हंगामात बाहेरगावी जावे लागते, तेव्हा ७५ टक्क्यांचे गणित कोलमडते आणि नाव कमी हजेरीच्या (‘डिफॉल्टर’) यादीत लागते.

या अडचणीवर बहुतेक जण काय करतात, हे सर्वांना ठाऊक आहे: मित्र हजेरी लावतो. मी तसे न करता प्राचार्यांना आधीच लेखी अर्ज दिला, फर्मचे पत्र जोडले आणि कोणत्या महिन्यांत अनुपस्थिती राहील हे कळवले. मला सवलत मिळाली, पण त्यासाठी ज्या अंतर्गत चाचण्या बुडाल्या त्या वेगळ्या वेळी द्याव्या लागल्या. नियमात वैद्यकीय कारणांसाठी आणि क्रीडा-सांस्कृतिक प्रतिनिधित्वासाठी सवलत लिहिलेली असते, तशीच मान्यताप्राप्त व्यावसायिक प्रशिक्षणासाठी लिहिलेली असावी, अशी माझी अपेक्षा आहे. जो नियम मोठ्या संख्येने प्रामाणिक विद्यार्थ्यांना पाळता येत नाही, तो खोट्या सहीला सरावाची गोष्ट करून टाकतो, आणि आमच्या पेशात खोट्या सहीची किंमत काय असते हे वेगळे सांगायला नको.

परीक्षा_समिती_सदस्य

वरील चर्चेत गैरप्रकाराची चौकशी कशी होते याचा उल्लेख आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. भीतीपोटी विद्यार्थी अनेकदा आपले नुकसान करून घेतात.

विद्यापीठाच्या परीक्षेत गैरप्रकाराचा आरोप झाला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेली समिती त्याची चौकशी करते. विद्यार्थ्याला आरोप लेखी कळवणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते. परीक्षागृहात पर्यवेक्षकाने किंवा भरारी पथकाने काही लिहून घेण्याचा आग्रह धरला, तर विद्यार्थ्याने जे घडले तेवढेच लिहावे; घाबरून ‘मी कॉपी केली’ असे मोघम लिहून देऊ नये आणि खरोखर कागद सापडला असेल तर तो नाकारूही नये. निर्णय मान्य नसेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ स्तरावर लोकपाल असणे बंधनकारक आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर लोकपालाकडे अपील करता येते. आपल्या महाविद्यालयात या समितीत कोण आहे हे बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत नसते, आणि ते माहीत करून देणे ही आमची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करतो, कारण आचरणाची अपेक्षा एकाच बाजूने करणे न्यायाचे नाही. याच अधिनियमाने विद्यापीठांना परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावण्याचे बंधन घातले आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकीय मूल्यांकनाचा गोंधळ होऊन निकाल महिनोन्‌महिने रखडले, त्यात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि अनेकांचे पुढचे प्रवेश अडचणीत आले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येईल असा निर्णय दिलेला आहे. ज्या विद्यार्थ्याला आपल्या गुणांविषयी शंका आहे, त्याने समाजमाध्यमांवर आरोप करण्यापूर्वी या मार्गाचा उपयोग करावा.

नॉर्थ_कॅरोलायनातून

माझे शालेय शिक्षण सांगलीत झाले आणि गेली बरीच वर्षे मी अमेरिकेत राहतो. येथे एमबीएसाठी येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी अधूनमधून मदत करतो, म्हणून एक उदाहरण द्यावेसे वाटते.

२००७ मध्ये आमच्याच राज्यातील ड्यूक विद्यापीठाच्या फ्यूक्वा व्यवस्थापन संस्थेत प्रथम वर्षाच्या ३४ एमबीए विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. घरी सोडवण्यासाठी दिलेल्या एका परीक्षेत, जिच्यात पुस्तके पाहण्याची मुभा होती पण परस्परांशी चर्चा करण्याची नव्हती, त्यांची उत्तरे मिळतीजुळती आढळली. त्यांपैकी नऊ जणांना संस्थेतून काढून टाकण्यात आले आणि पंधरा जणांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले. आपल्याकडे मित्राला उत्तर सांगणे हा मैत्रीचा धर्म समजला जातो. येथे सांगणारा आणि घेणारा दोघेही सारखेच दोषी ठरतात. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यासाठी निलंबनाचा अर्थ आणखी कठोर आहे, कारण पूर्णवेळ नोंदणी संपली की त्याचा येथे राहण्याचा आधारच जातो.

एक आकडाही पुढे ठेवतो. २००६ मध्ये मॅकेब, बटरफील्ड आणि ट्रेविनो या संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातील ३२ संस्थांमधील पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात व्यवस्थापनाच्या ५६ टक्के विद्यार्थ्यांनी मागील वर्षात कधी ना कधी गैरप्रकार केल्याचे मान्य केले. इतर शाखांत हे प्रमाण ४७ टक्के होते. यावर सर्वाधिक प्रभाव शिक्षेच्या भीतीपेक्षा ‘आपल्या बरोबरीचे काय करतात’ या समजुतीचा असल्याचे त्यांना आढळले. ठाण्याच्या विद्यार्थ्याने वर जे लिहिले आहे, की चांगले गुण मिळवलेल्यांनीच ‘भरून टाक’ असा सल्ला दिला, तेच येथे आकड्यांत दिसते. म्हणून ४३ उत्तरांवर थांबणारा एक विद्यार्थी आणि त्याला पूर्ण गुण देणारा एक परीक्षक यांचा परिणाम दहा सूचनाफलकांपेक्षा अधिक होईल, असे मला वाटते.

मनुष्यबळ_चिंचवड

मी एका अभियांत्रिकी उत्पादने बनवणाऱ्या कंपनीत मनुष्यबळ विभाग पाहते आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे एमबीएचे प्रशिक्षणार्थी येतात. उद्योगाच्या बाजूने दोनच गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. ‘प्रत्यक्ष येणार नाही, पण दोन महिन्यांचे पत्र द्या’, अशी विनंती आम्हाला ओळखीपाळखीतून दरवर्षी होते आणि ती बहुतेक वेळा पालक करतात. आम्ही नकार देतो, परंतु काकांच्या नाहीतर मामांच्या फर्मकडून असे पत्र मिळवणे अवघड नसते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत आम्ही त्याच पत्रावर प्रश्न विचारतो. तेथे माल किती दिवसांच्या उधारीवर जात होता, खरेदीची मागणी कोण मंजूर करत होते, एवढे साधे प्रश्नही पुरेसे ठरतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यानुभव प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत, त्यामुळे खोटे पत्र म्हणजे थेट खोटे गुण झाले आहेत, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची, आणि याविषयी महाविद्यालये मुलांना जवळजवळ काहीच सांगत नाहीत असे दिसते. आमच्याकडच्या एका प्रशिक्षणार्थीने पुरवठादारांचे दर आपल्या अहवालात जसेच्या तसे छापले होते. सादर करण्याआधी त्याने प्रत दाखवली म्हणून ते लक्षात आले. सूचीबद्ध कंपन्यांत तर प्रश्न आणखी गंभीर आहे. रोखे बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहार प्रतिबंध विनियमांनुसार, जाहीर न झालेली आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती ज्याच्या हाती आहे तो ‘इनसायडर’ ठरतो, मग तो दोन महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी का असेना. तिमाही निकालांआधीचे आकडे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे हा मुलांना गमतीचा भाग वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो तसा नाही.

याच संदर्भात मुलींसाठी एक माहिती नोंदवून ठेवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थींचाही समावेश आहे. पगार मिळत नाही म्हणून तक्रार करता येत नाही, असा समज पूर्णपणे चुकीचा आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, आणि तेथे दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, लेखी तक्रार देता येते.

पालक_डोंबिवली

चर्चा वाचून समाधान वाटले. माझा मुलगा बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गटप्रकल्पांविषयी कोणीतरी लिहावे, अशी विनंती आहे. सहा जणांच्या गटात दोघे काम करतात, उरलेल्यांची नुसती नावे असतात आणि गुण सर्वांना सारखे मिळतात. तक्रार केली तर मैत्री तुटते आणि न केली तर अन्याय होतो. मुलाने काय करावे, हे मला खरोखर सांगता येत नाही.

वाणिज्य_अध्यापक (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्रंथपाल ताईंनी दिलेली व्याख्येची माहिती अनेक महाविद्यालयांतील शिक्षकांनाही नाही, ती मी आमच्या अभ्यासमंडळातील सहकाऱ्यांना कळवत आहे. आता प्रश्नांकडे वळतो.

ठाण्याच्या विद्यार्थ्यास : ४३ उत्तरांवरच काम करावे आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणात ते स्पष्ट लिहावे. किती दुकानांत गेलात, किती जणांनी नकार दिला, नकाराची कारणे कोणती होती आणि एवढ्या लहान नमुन्यावरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही, हे सारे त्यात यावे. दुकानदार डिजिटल व्यवहारांविषयी बोलायला का कचरतात, हा तुमच्या विषयातला कदाचित सर्वांत मोलाचा निष्कर्ष ठरेल आणि तो ५७ रचलेल्या उत्तरांखाली गाडला गेला असता. १०० ची अट लेखी असेल, तर मार्गदर्शकांना आत्ताच अर्ज देऊन शिथिलता मागावी आणि अर्जाची प्रत परिशिष्टात जोडावी. संघटनेचे नाव छापू नये. ‘ठाणे शहरातील किरकोळ विक्रेत्यांची एक संघटना’ एवढेच लिहावे, मूळ पत्र मार्गदर्शकांना दाखवावे आणि ‘मी मूळ कागद पाहिला आहे’ अशी त्यांची स्वाक्षरी घ्यावी. कोणताही समंजस परीक्षक ती मान्य करील.

ज्या अटींमुळे खोटेपणाला खतपाणी मिळते त्या काढून टाकल्याच पाहिजेत, या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. किमान उत्तरदात्यांची आणि किमान पृष्ठांची अट माझ्या मते ताबडतोब रद्द व्हावी. तिच्या जागी क्षेत्रनोंदवही सक्तीची करावी, म्हणजे कोणत्या तारखेला, कोठे, कोणत्या प्रकारच्या व्यक्तीशी बोलणे झाले याच्या हाताने लिहिलेल्या नोंदी, आणि भरलेल्या प्रश्नावल्या निकाल लागेपर्यंत जपून ठेवण्याचे बंधन. मार्गदर्शकाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या उत्तरदात्यांपैकी दोघा-तिघांना संमती घेऊन दूरध्वनी केला, तरी वर्गात योग्य तो संदेश जातो. सत्यमच्या लेखापरीक्षकांनी बँकांकडून शिलकेची स्वतंत्र खातरजमा नीट केली असती, तर ते प्रकरण इतकी वर्षे चालले नसते. हाच धडा येथे लागू होतो. अर्थात एका शिक्षकाकडे किती प्रकल्प असावेत यालाही मर्यादा हवी, नाहीतर ही तपासणीसुद्धा केवळ कागदावर राहील. रिक्त पदे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून भरून काढली जातात, तेव्हा मार्गदर्शनाचा बळी सर्वांत आधी जातो, हे विद्यापीठाच्या आणि शासनाच्या कानावर घालत राहावे लागेल.

डोंबिवलीच्या पालकांस : गटप्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत कोण कोणते काम करणार हे लिहून सहा जणांनी सह्या कराव्यात आणि ती प्रत शिक्षकांना द्यावी. हे आरंभी केले तर ती तक्रार ठरत नाही, आणि मैत्रीवर ताण येत नाही. शेवटी अहवालाच्या प्रत्येक प्रकरणावर ते लिहिणाऱ्याचे नाव यावे. परीक्षक म्हणून मी गटातील कोणालाही कोणत्याही प्रकरणावर प्रश्न विचारतो आणि गुण व्यक्तीनुसार देतो. आपल्या महाविद्यालयात तशी पद्धत नसेल, तर मुलाने एकट्याने नव्हे, तर वर्गप्रतिनिधीमार्फत ती मागणी करावी.

नाशिकच्या आर्टिकल विद्यार्थ्याने केलेला लेखी अर्ज हाच हजेरीच्या बाबतीत योग्य मार्ग आहे. व्यावसायिक प्रशिक्षणाची सवलत नियमातच असावी, ही सूचना मी पुढे पाठवीन.

चिंचवडच्या ताईंनी गोपनीयतेविषयी लिहिले ते माझ्याकडून राहून गेले असते. प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि मार्गदर्शकाने एकत्र बसून ‘कोणती माहिती अहवालात येणार नाही’ याची एक पानी यादी करावी, आणि अहवालाची प्रत सादर करण्याआधी कंपनीला दाखवावी, असे मी सुचवतो.

राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय, ज्यावर मला खासगी संदेशांतून विचारणा झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून पहिली दोन प्रकरणे यंत्राकडून लिहून घेणे सहज झाले आहे. असा मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कोणालाही दोषी ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच आपले असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. विद्यार्थ्याने कोणते साधन कोठे वापरले हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात लिहावे, आणि वाक्यरचना सुधारण्यासाठी केलेल्या वापराबद्दल त्याचे गुण कापू नयेत. यंत्राने दिलेले संदर्भ मात्र प्रत्यक्ष उघडून पाहावेत, कारण अस्तित्वात नसलेले लेख संदर्भसूचीत दिसू लागले आहेत, आणि त्याला मी रचलेल्या उत्तरदात्यांइतकाच गंभीर प्रकार मानतो. सर्वेक्षणाची उत्तरे यंत्राकडून तयार करून घेण्याला कोणत्याही परिस्थितीत मुभा नसावी.

पुढील शैक्षणिक वर्षाच्या माहितीपुस्तिका साधारण मे महिन्यात छपाईला जातात. ज्या शिक्षकांच्या महाविद्यालयांत प्रकल्पाविषयीचा लेखी नियम आधीच आहे, त्यांनी त्याचा मजकूर येथे द्यावा, म्हणजे प्रकल्पाचा नमुना नियम तयार करताना तो समोर ठेवता येईल.